बेटांची गोष्ट : फुंशाल ते निपाणी

आम्हा गोवेकरांना 'बेट' हा शब्द भूगोलाच्या पुस्तकातून शिकावा लागत नाही. दिवाडी, चोडण, जुवें ही आमची बेटे. शेवटची फेरीबोट चुकली की बेटावर राहणे म्हणजे काय ते नीट कळते! पण आज ज्या बेटांविषयी लिहायचे आहे ती मांडवीत नाहीत, ती तुमच्या-माझ्या पोटात आहेत. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचे एक इंद्रिय आडवे पसरलेले असते. त्यात सुमारे दहा लाख सूक्ष्म बेटे विखुरलेली असतात. सगळी गोळा करून तराजूत घातली तर वजन भरेल जेमतेम एक-दोन ग्रॅम. एवढ्याशा ऐवजावर माणसाच्या रक्तातल्या साखरेचा सारा हिशेब चालतो. ही बेटे मेली की इन्शुलिन बंद, आणि इन्शुलिन बंद झाले की भरल्या ताटासमोर माणूस उपाशी मरतो.

मग एकाच्या पोटातली बेटे काढून दुसऱ्याच्या पोटात बसवता येतील का? प्रश्न साधा आहे. त्याचे उत्तर शोधण्यात सव्वाशेहून अधिक वर्षे गेली आहेत. हा इतिहास लिहावासा वाटला तो बेळगाव-निपाणी भागातल्या माझ्या येण्याजाण्यामुळे. चोर्ल्याचा घाट चढून बेळगावला पोचायचे, तिथून पुण्याच्या महामार्गाला लागायचे. संकेश्वर येते, तिथे हिरण्यकेशी साखर कारखाना. पुढे निपाणी, तिथे हालसिद्धनाथ कारखाना. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी हळूहळू न्यावी लागते. मधल्या काळ्या रानात तंबाखू. बेळगावात उतरलो की कुंदा घेतल्याशिवाय कुणी घाट उतरत नाही. असा हा सगळा गोड मुलूख. आणि याच मुलखात, एका घरात, ही बेटे विकत मिळतात का असा प्रश्न मला कुणीतरी विचारला. त्याविषयी पुढे येईलच. आधी मूळ गोष्ट.

साखरेच्या बेटावरचा डॉक्टर

मधुमेह आपल्याला नवा नाही. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक सहज, म्हणजे जन्माबरोबर आलेला, दुसरा अपथ्यामुळे झालेला. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल. आजचे डॉक्टर टाइप वन आणि टाइप टू म्हणतात तेव्हा मला ही जुनी विभागणी आठवते. दोन्ही तंतोतंत एक नव्हेत, पण निरीक्षण करणाऱ्याची नजर किती तीक्ष्ण होती ते दिसते. मात्र रोगाचे मूळ पोटातल्या कुठल्या भागात आहे हे सुश्रुतालाही माहीत नव्हते आणि पुढे हजारो वर्षे कुणालाच नव्हते.

१८६९ साली बर्लिनमध्ये पाउल लँगरहॅन्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपला प्रबंध सादर केला. सशाचे स्वादुपिंड सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्याला इतरांपेक्षा वेगळ्या पेशींचे छोटे छोटे पुंजके दिसले. त्याने त्यांचे वर्णन केले आणि त्यांचे काम काय ते आपल्याला सांगता येत नाही असे सरळ लिहून टाकले. पुढे त्याला क्षयाने गाठले. थंडी सोसेना. उबदार हवा शोधत तो गेला मदैराला.

मदैरा म्हणताच गोव्यातल्या जुन्या मंडळींचे कान टवकारतील. पोर्तुगिजांचे अटलांटिकमधले बेट! अल्बुकर्क मांडवीत शिरला १५१० साली. त्याच्या आधीच्या शतकातच पोर्तुगिजांनी मदैरावर ऊस लावला होता आणि युरोपच्या ताटात तिथली साखर जात होती. राजधानी फुंशालच्या नगरचिन्हावर साखरेच्या ढेपा कोरलेल्या आहेत. या साखरेच्या बेटावर लँगरहॅन्सने दवाखाना चालवला, रिकाम्या वेळात समुद्रातल्या किड्यांचा अभ्यास केला आणि २० जुलै १८८८ रोजी, एक्केचाळिसावा वाढदिवस पाच दिवसांवर असताना, मूत्रपिंडाच्या विकाराने तो वारला. फुंशालमध्येच त्याला पुरले.

त्याने एक वर्ष आणखी काढले असते तर? १८८९ साली स्ट्रासबुर्गमध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग या दोघांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले. कुत्र्याला लगेच मधुमेह झाला. रोगाचे घर सापडले! १८९३ साली लागेस या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्या पुंजक्यांना 'लँगरहॅन्सची बेटे' असे नाव दिले. ज्याने बेटे पाहिली तो दूरच्या बेटावर मेला, आणि आपण काय पाहिले ते त्याला कधीच कळले नाही.

मेंढीचा तुकडा आणि वासराची लस

रोगाचे घर कळल्यावर डॉक्टर गप्प बसतील काय? त्याच वर्षी, डिसेंबर १८९३ मध्ये, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला वॉटसन-विल्यम्स नावाच्या डॉक्टराने मधुमेहाने मरणपंथाला लागलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या कातडीखाली मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे बसवले. मुलगा तीन दिवसांत गेला. इन्शुलिन सापडायला अजून अठ्ठावीस वर्षे होती, म्हणजे रोपणाची कल्पना इन्शुलिनपेक्षा जुनी आहे.

हे का फसले ते समजून घ्यायला बेळगावचे एक ठिकाण उपयोगी पडेल. टिळकवाडीतले व्हॅक्सिन डेपोचे मैदान बेळगावकरांना चांगले माहीत आहे. आज तिथे झाडांखाली लोक फिरायला येतात. इंग्रजी अमदानीत तिथे देवीची लस तयार होत असे. त्या काळी ही लस वासराच्या कातडीवर वाढवीत, खरवडून घेत आणि माणसाच्या दंडावर टोचत. जनावराच्या अंगातले औषध माणसाच्या अंगात घालणे ही आपल्या भागाला नवलाची गोष्ट नव्हती. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचले तेही जनावराच्या स्वादुपिंडातून काढलेले होते. पुढची साठ वर्षे जगभरचे मधुमेही गाईच्या आणि डुकराच्या इन्शुलिनवर जगले.

पण लस असो की इन्शुलिन, ते पाहुण्यासारखे येते आणि काम करून विरून जाते. बेटांचे तसे नाही. ती जिवंत पेशींची बनलेली असतात आणि त्यांना घर करून राहायचे असते. तिथेच शरीर हरकत घेते. आपले कोण आणि परके कोण हे ओळखणारी पहारेकऱ्यांची एक फौज आपल्या रक्तात फिरत असते. परका दिसला की ती त्याला मारते. मेंढीचे तर सोडाच, सख्ख्या भावाचे मांसही तिला परके. टाइप वन मधुमेहात तर कहर होतो. ही फौज स्वतःच्याच बेटांना परके समजते आणि एकेक करून संपवते. म्हणजे नवी बेटे बसवायची ती अशा गावात, जिथल्या शिपायांनी आधीची वस्ती जाळली आहे!

साखरेच्या पाण्यातून

पुढची अडचण होती बेटे गोळा करण्याची. स्वादुपिंडाचा बाकीचा अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव टक्के भाग पाचक रस करतो. त्यातून दीड-दोन टक्के बेटे निवडून काढणे म्हणजे तांदळाच्या पोत्यातून मोहरीचे दाणे वेचण्यासारखे. १९६७ साली अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात पॉल लेसी आणि त्यांच्या सहकारी कोस्तियानोव्स्की यांनी उंदराच्या स्वादुपिंडावर कोलॅजिनेज नावाचे विकर वापरले. त्याने पेशींना बांधून ठेवणारे तंतू विरघळतात. मग तो लगदा साखरेच्या कमी-अधिक दाट पाकांच्या थरांवर घालून फिरवला की बेटे एका थरात वेगळी होतात. गंमत पाहा, साखरेचा रोग बरा करणारी बेटे निवडायला साखरेचाच पाक! पण दाट पाकात बेटे आकसून निकामी होत, म्हणून पुढे साखरेऐवजी फायकॉल नावाचा पदार्थ आला.

१९७२ साली लेसी आणि बॅलिंजर यांनी उंदरांचा मधुमेह अशा बेटांनी काबूत आणला. दुसऱ्या वर्षी असे दिसले की यकृताकडे जाणाऱ्या शिरेत बेटे सोडली तर ती तिथे जास्त चांगली रुजतात. तेव्हापासून माणसातही हीच जागा ठरून गेली. पोटाच्या कातडीतून एक लांब सुई यकृताच्या शिरेपर्यंत नेतात आणि सलाइनसारख्या पिशवीतून बेटे सोडतात. पोट फाडावे लागत नाही. पाहणाऱ्याला वाटते, एवढेच? १९८८ साली कॅमिलो रिकॉर्डी यांनी माणसाच्या स्वादुपिंडातून बेटे सुटी करण्याचे यंत्र केले. तरीही माणसांवरचे बहुतेक प्रयोग फसत राहिले. रोपण केले तरी वर्षभराने इन्शुलिनची सुई हातात असे.

मग २००० साल उजाडले. कॅनडातल्या एडमंटनमध्ये जेम्स शापिरो आणि सहकाऱ्यांनी सात रुग्णांची हकीकत जुलै महिन्यात प्रसिद्ध केली. सातही जणांचे इन्शुलिन सुटले होते! त्यांनी दोन गोष्टी बदलल्या होत्या. एक, बेटांना घातक ठरणारी स्टिरॉइड टाळून पहारेकऱ्यांना झोपवणारी दुसरी औषधे वापरली. दोन, एका रुग्णाला एकाच दात्याची बेटे न देता दोन-तीन दात्यांची दिली. जगभरच्या वर्तमानपत्रांत मथळे झळकले. मधुमेहाचा शेवट जवळ आला, असे पुष्कळांना वाटले.

२००६ साली त्याच पद्धतीचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. नऊ केंद्रे, ३६ रुग्ण. वर्षानंतर इन्शुलिनशिवाय होते १६. दोन वर्षांनंतर त्या सोळांतले उरले ५. मथळे आता लहान झाले. पण त्या आकड्यांमागे एक गोष्ट झाकली गेली, ती सांगायलाच हवी. ज्यांना पुन्हा थोडे इन्शुलिन लागू लागले त्यांतल्याही अनेकांच्या अंगात काही बेटे जिवंत होती आणि त्यांची साखर अचानक उतरून शुद्ध हरपण्याचा धोका पुष्कळ कमी झाला होता. ज्याला झोपेत साखर उतरून सकाळी उठू की नाही अशी भीती रोज वाटते, त्याला ही मिळकत लहान नाही.

गणेशखिंडीतली बेटे

आता आपल्या माणसांकडे वळू. निपाणीहून महामार्गाने उत्तरेला गेलो की पुणे लागते. तिथल्या विद्यापीठाच्या आवारात, गणेशखिंडीत, राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आहे. १९९० च्या दशकात तिथे डॉ. रमेश भोंडे यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या बेटांवर काम चालले होते. १९९९ मध्ये त्यांच्या गटाने स्वादुपिंडाच्या तुकड्यांची पेशीसंवर्धनाच्या बशीत जोपासना करून मोठ्या संख्येने बेटे मिळवण्याची रीत प्रसिद्ध केली. त्याच वर्षी आनंदवर्धन हर्डीकर, मकरंद रिसबूड आणि भोंडे यांनी बेटांना सूक्ष्म कवचात बंद करणाऱ्या एका साध्या उपकरणाचा आराखडा छापला.

कवच कशासाठी? पहारेकऱ्यांना चुकवण्यासाठी. कवचाची छिद्रे अशी की साखर आत जावी, इन्शुलिन बाहेर यावे, पण मारेकरी पेशींना आत शिरता येऊ नये. कल्पना जगात आधीपासून होती. पुण्याच्या मंडळींनी तिला लागणारी सामग्री आपल्याकडे काय मिळते ते पाहून शोधली. २००० साली त्यांनी कायटोसानच्या जेलवर निबंध लिहिला. कायटोसान येते कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून. म्हणजे आम्ही सुंगटे सोलून जी साले फेकतो त्यांच्यापासून! मासळी बाजारातल्या कचऱ्यात मधुमेहाच्या उपचाराचे साहित्य शोधणारी ही माणसे मला फार जवळची वाटतात.

हर्डीकर पुढे अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये गेले. २००४ साली 'सायन्स' या नियतकालिकात गर्शेनगॉर्न यांच्यासह त्यांचा निबंध आला. माणसाच्या बेटांतल्या पेशी प्रयोगशाळेत रूप बदलून भराभर वाढतात आणि पुन्हा बेटांसारखे पुंजके करतात, असा त्याचा आशय. दात्यांची टंचाई संपेल अशी आशा त्यातून निर्माण झाली. पुढे त्यावर वाद झाला, कारण उंदरांच्या पेशींत तसे घडताना दिसले नाही. विज्ञानात असेच चालते. हर्डीकर नंतर ऑस्ट्रेलियात गेले, भोंडे बंगळूरच्या मणिपाल संस्थेत काम करून पुन्हा पुण्याला आले. पुणे आणि बंगळूर जोडणाऱ्या रस्त्यावरच निपाणी आहे, पण त्या कामातून तयार झालेला उपचार अजून निपाणीच्या कुठल्या दवाखान्यात उतरलेला नाही.

गुरुजींचे दोन एकर

आता तो प्रश्न. निपाणीजवळच्या एका गावात माझे एक परिचित आहेत. माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांची धाकटी मुलगी नऊ वर्षांची असल्यापासून इन्शुलिनवर आहे. रोज चार वेळा सुई. फ्रीज नव्हता तेव्हा ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात इन्शुलिनच्या बाटल्या असत. तिचे लग्न ठरवायची वेळ आली तसे गुरुजी अस्वस्थ झाले. पाहुण्यांना सांगायचे कसे? सांगितल्यावर दोन ठिकाणांहून निरोपच आला नाही. तशात कुठल्याशा शहरातल्या दवाखान्याचा कागद त्यांच्या हाती पडला. त्यात पेशी सोडून मधुमेह कायमचा घालवण्याची हमी होती आणि काही लाखांचा आकडा.

चहा पुढे ठेवून ते म्हणाले, "तुम्ही लिवता-वाचता म्हणून इचारतो. ह्या पेशी बसवल्या की सुई सुटते म्हणं. दोन एकर रान हाय तंबाखूचं. विकावं काय?"

मी त्यांना जे सांगितले ते इथे थोडे नीट मांडतो.

गुरुजी, बेटे बसवता येतात हे खरे. २८ जून २०२३ रोजी अमेरिकेने अशा एका उपचाराला, लँटिड्राला, मान्यता दिली. ३० रुग्णांपैकी २१ जण वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ इन्शुलिनशिवाय राहिले, त्यांतले १० पाच वर्षांहून जास्त. पाच जणांची सुई एक दिवसही सुटली नाही. ही मान्यता आहे ती अशा मोठ्या माणसांसाठी, ज्यांची साखर सगळे उपाय करूनही वरचेवर धोकादायकरीत्या उतरते. दात्याची बेटे घेतली की पहारेकऱ्यांना झोपवणाऱ्या गोळ्या घेत राहाव्या लागतात. त्यांनी मूत्रपिंडाला त्रास होतो, साधा ताप जिवावर बेतू शकतो, कर्करोगाची भीती वाढते. आणि जिला मूलबाळ हवे आहे अशा मुलीने त्या गोळ्यांचा विचार दहादा करायचा. म्हणजे एक सुई सोडायची आणि गोळ्यांचा डबा धरायचा.

मूलपेशींपासून बेटे तयार करण्याचे प्रयत्नही खरे आहेत. २०२५ मध्ये व्हर्टेक्स कंपनीच्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांना वर्षानंतर इन्शुलिन लागत नव्हते. इथे दात्याची वाट पाहावी लागत नाही. पण गोळ्या आहेतच, आणि त्याच प्रयोगातला एक रुग्ण मेंदूच्या आवरणाच्या जंतुसंसर्गाने दगावला. २०२४ मध्ये चीनमधल्या तिआनजिनच्या एका तरुणीची हकीकत आली, तिला तिच्याच पेशींपासून केलेली बेटे दिली आणि अडीच महिन्यांत सुई सुटली. पण दुसऱ्या अवयवाच्या रोपणामुळे ती आधीच गोळ्यांवर होती. २०२५ मध्ये स्वीडनमधल्या उप्सालात जनुके बदललेली बेटे एका माणसाच्या दंडापुढच्या स्नायूत बसवली आणि एकही गोळी न देता ती जगली. मात्रा थोडी होती, त्याचे इन्शुलिन सुटले नाही. पण परक्याला पाहून पहारेकरी गप्प राहिले हे पहिल्यांदा दिसले. मला विचाराल तर या सगळ्या बातम्यांत ही बातमी सर्वांत मोठी, आणि तिच्यात बरा झालेला रुग्ण एकही नाही.

आणि आपल्याकडे? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २०१७ ची नियमावली स्पष्ट सांगते की रक्ताच्या काही विकारांसाठीचे रोपण सोडले तर मूलपेशींचा कुठलाही उपचार मान्यताप्राप्त प्रयोगाबाहेर करायचा नाही. प्रयोगात घेतलेल्या रुग्णाकडून त्याचे पैसेही मागायचे नाहीत. म्हणजे जो लाखांचा आकडा सांगतो त्याने त्या आकड्यानेच आपली ओळख दिली.

गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे रान ऱ्हाऊ दे तर." आतून मुलीचा आवाज आला, "बाबा, मी कवाचं सांगतोय तुमास्नी." सीमाभागातल्या मुलींचे ते 'सांगतोय' ऐकून एरवी मला हसू येते. त्या दिवशी आले नाही. जमीन वाचली याचा आनंद, पण लग्नाच्या बाजारात सुईची जी किंमत ठरते तिच्यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हते.

निपाणीचा आणखी एक धागा सांगितलाच पाहिजे. एका प्रकारच्या रोपणात गोळ्या लागतच नाहीत. स्वादुपिंडाला जुनाट सूज येऊन असह्य वेदना होतात तेव्हा कधी कधी ते पूर्ण काढावे लागते. मग त्यातली बेटे निवडून त्याच माणसाच्या यकृतात सोडतात. आपलीच बेटे, परकेपणाचा प्रश्नच नाही. अमेरिकेत मिनेसोटाला १९७७ मध्ये हे पहिल्यांदा केले. भारतात हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीने ते काम उभे केले आहे. आणि या जुनाट सुजेच्या ठळक कारणांत दारूबरोबर धूम्रपानही आहे. विड्या वळून निपाणीतल्या हजारो बायांची घरे चालली, तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली इथे शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले. त्या पिकाचा धूर स्वादुपिंडापर्यंत पोचतो हे मात्र इथे क्वचितच कुणी बोलते.

सीमेच्या दोन बाजूंना

बेळगावचा विषय आणि सीमा आली नाही असे कसे होईल! पण मी म्हणतो ती सीमा अवयवांची. मेंदू मृत झालेल्या माणसाचे अवयव घेण्याची परवानगी देणारा कायदा संसदेने १९९४ साली केला. आरोग्य हा राज्यांचा विषय, म्हणून तो आधी फक्त ज्या राज्यांनी मागितला तिथे लागू झाला. ती राज्ये तीन: महाराष्ट्र, हिमाचल प्रदेश आणि आपला गोवा. ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो अमलात आला. कर्नाटकने तो नंतर स्वीकारला. २०११ च्या दुरुस्तीने त्यात अवयवांबरोबर ऊतीही आल्या. म्हणजे कागदावर आम्ही पहिल्या रांगेत होतो.

पुढे देशाचे विभाग पडले. गोवा मुंबईच्या विभागीय केंद्राकडे, बेळगाव कर्नाटकाबरोबर चेन्नईच्या. सत्तरी-डिचोलीचा रुग्ण घाट चढून बेळगावला जातो तेव्हा तो नकळत एका यादीच्या प्रदेशातून दुसऱ्या यादीच्या प्रदेशात जातो. अवयवासाठी नाव नोंदवताना त्या राज्याचा रहिवासी असण्याची अट केंद्राने २०२३ मध्ये काढून टाकायला सांगितली, ते बरे झाले. पण यादीत नाव घालता आले म्हणून दाता मिळतो असे नाही. आपल्या देशात दहा लाख लोकांमागे वर्षाला एकही मेंदुमृत दाता मिळत नाही. आणि एडमंटनच्या पद्धतीत एका रुग्णाला दोन-तीन दाते लागले! हिशेब तुम्हीच करा.

म्हणून मला बेळगावात सुरू असलेले साधे काम जास्त महत्त्वाचे वाटते. केएलई ही संस्था १९१६ साली सात शिक्षकांनी काढली, तिचे वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चे. तिच्या रुग्णालयात डॉ. एम. व्ही. जाली यांनी मधुमेहाचे केंद्र उभे केले, तिथे टाइप वन झालेल्या मुलांकडे वेगळे लक्ष दिले जाते. कर्नाटकच्या नोंदवहीने १९९५ ते २००८ या काळात दर लाखामागे वर्षाला सुमारे ३.७ मुलगे आणि ४ मुली अशा नव्या रुग्णांची नोंद केली. संख्या थोडी दिसते. पण त्यातल्या प्रत्येक मुलाला जन्मभर, रोज, इन्शुलिन पोचले पाहिजे. २००३ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, वोखार्टने देशी बनावटीचे मानवी इन्शुलिन काढले आणि परदेशी मालावरचे अवलंबन कमी होऊ लागले. मथळ्यांच्या दृष्टीने ही लहान गोष्ट. गुरुजींच्या मुलीच्या दृष्टीने मोठी.

आणि आपण गोवेकर? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाच्या प्रमाणात गोवा पहिला आला, २६.४ टक्के. देशाचा आकडा ११.४. पण यातले बहुतेक सगळे टाइप टूचे. त्यांची बेटे असतात, पण शरीर इन्शुलिनला दाद देत नाही आणि बेटे राबून राबून थकतात. त्यांच्यासाठी बेटांचे रोपण हा आजचा उपाय नव्हे. तरी 'पेशींचा इलाज' विकणारे दारात येतील ते त्यांच्याच, कारण गिऱ्हाईक तिथे जास्त.

तेव्हा वाचकहो, असा कुणी आला तर त्याला तीन प्रश्न विचारा. या पेशी कुणाच्या? त्या टिकवायला नंतर कुठली औषधे किती वर्षे घ्यायची? आणि देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीत तुमच्या प्रयोगाचा क्रमांक काय? लँगरहॅन्सने एकविसाव्या वर्षी, आपल्याला जे माहीत नाही ते माहीत नाही असे लिहायचे धाडस केले होते. समोरचा माणूस तिन्ही प्रश्नांना हसून बगल देऊन थेट रकमेवर येत असेल, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.